फोर-बाय-फोरचे टायर: पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे

थार, जिमनी, जुनी जिप्सी, फोर-बाय-फोर बोलेरो, गाडी कोणतीही असो. टायर बदलायची वेळ आली की कोल्हापुरात पहिला सल्ला ठरलेला असतो: "भावा, मड टायर टाक. गाडी कुठंबी जाईल." सांगणारा मनापासून सांगतो. पण त्याचं ऐकून घेतलेले टायर बहुतेक वेळ महामार्गावर घोंघावत झिजतात, इंधन जास्त खातात आणि पावसाळ्यात घाटात ब्रेक दाबल्यावर नको तेवढे घसरतात. कमी पैशात चांगले ऑफ-रोड टायर हवे असतील तर दुकानात शिरण्याआधी आपल्या गाडीचा महिनाभराचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. डांबर किती, पाणंद किती, आणि चिखल कुठला?

चिखल कुठला, हे आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाचं आहे. शिरोळ, हातकणंगले आणि कागलच्या सपाट भागातली काळी माती पावसात चिकट होते आणि चाकाला थरावर थर बसत जातो. तीच पाणंद चार दिवस ऊन पडून वाफसा आला की साध्या टायरवरही पार होते. पश्चिमेला राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगडकडे तांबडी माती, जांभा, मुरूम आणि शेवाळलेला कातळ. तिथला चिखल काळ्या मातीइतका धरून ठेवत नाही, पण त्याखालून डोकं वर काढलेला दगड टायरची कड, म्हणजे बाजूची भिंत, कापतो. पूर्वेकडच्या माणसाला चिखल झटकून टाकणारा टायर लागतो, पश्चिमेकडच्याला कापला न जाणारा. दोघांनी एकच टायर घ्यावा, असं कोणी सांगत असेल तर त्याला आधी गाव विचारा.

नक्षी काय काम करते

दुकानात तीन प्रकार ऐकू येतात: एचटी, एटी आणि एमटी. एचटी म्हणजे मुख्यतः रस्त्यासाठीचा टायर, एटी म्हणजे रस्ता आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा, एमटी म्हणजे चिखलासाठीचा, तोच वरचा मड टायर. फरक नक्षीत आहे आणि ती नक्षी नेमकं काय करते हे एकदा समजलं की निम्मा गोंधळ संपतो.

डांबरावर पकड रबराच्या स्पर्शातून येते. जेवढं रबर रस्त्याला टेकलेलं, तेवढं बरं. म्हणून एचटी टायरवर रबराचे सलग पट्टे असतात, मध्ये पाणी निघून जाण्यापुरत्या अरुंद खाचा असतात आणि त्या पट्ट्यांवर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. ओल्या रस्त्यावर या चिरांच्या कडाच पाण्याचा पापुद्रा फोडून डांबराला धरतात.

चिखलात गणित उलटं होतं. तिथं रबराला धरायला कडक पृष्ठभागच नसतो. टायरच्या नक्षीतले रबराचे ठोकळे चिखलात रुततात, मागच्या मातीला ढकलतात आणि गाडी पुढे सरकते. त्यासाठी ठोकळ्यांमधली जागा मोकळी असायला हवी. एचटीच्या अरुंद खाचा काळ्या मातीत चाकाच्या चार-सहा फेऱ्यांतच भरतात, आणि खाचा भरल्या की टायर गुळगुळीत झाल्यातच जमा. नंतर चाक जागेवर फिरत राहतं, चाकोरी खोल होत जाते आणि गाडी पोटावर बसते. एमटीच्या खाचा रुंद आणि खोल असतात, कडेच्या ठोकळ्यांमधून तर पूर्ण आरपार असतात; चाक फिरलं की माती बाहेर फेकली जाते. ही फेकाफेक व्हायला चाकाला थोडी गती लागते. म्हणून एमटी टायरची गाडीसुद्धा चिखलात अगदी रांगत नेली तर खाचा भरतात.

एटी या दोन्हींच्या मधला. त्याच्या खाचा एचटीपेक्षा मोकळ्या, एमटीपेक्षा आवळ, आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा बऱ्यापैकी टिकवलेल्या. मुरूम, खडी, वाफशावरची पाणंद, ओढ्यातले गोटे, भुईबावडा किंवा अणुस्कुरा घाटातला ओला रस्ता हे सगळं एकाच टायरवर करायचं असेल तर बहुतेकांनी एटीवर थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ज्याची गाडी कोल्हापूर ते पुणे आणि कधीतरी पन्हाळा एवढीच फिरते त्यानं एचटी घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. फोर-बाय-फोर यंत्रणा इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवते, पण जमिनीला धरायचं काम शेवटी टायरच करतो. आणि डांबरावर ते काम एचटी सगळ्यात चांगलं करतो.

एमटी कोणाला? ज्याचं शेत किंवा काम खरोखर अशा जागी आहे की जून ते सप्टेंबर रोज चिखलातूनच जावं लागतं. चिखलणी केलेल्या भातखाचरांच्या कडेनं घर असलेली माणसं, डोंगरातल्या वाडीवर माल पोचवणारे, ऑफ-रोडच्या स्पर्धेत उतरणारे. बाकीच्यांनी एमटीची किंमत फक्त दुकानातल्या आकड्यावर मोजू नये. हा टायर जड असतो, त्यामुळे गाडी उचलायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. डांबरावर कमी रबर टेकत असल्यामुळे तो लवकर झिजतो, ओल्या रस्त्यावर उशिरा थांबतो, आणि ऐंशीच्या पुढे घूं-घूं आवाजानं शेजारच्याशी बोलणं अवघड होतं. आंबा घाटाच्या उतारावर पावसात पुढचा ट्रक अचानक थांबला तर एमटीवाल्याला जास्त अंतर लागणार, हे गृहीत धरूनच त्यानं गाडी चालवली पाहिजे.

रुंदीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिथं विनाकारण पैसे जातात. रुंद टायर रांगडा दिसतो, पण आपल्या पश्चिम भागात चिखलाचा थर बऱ्याचदा वीतभर असतो आणि खाली मुरूम किंवा कातळ लागतो. अशा ठिकाणी अरुंद टायर चिखल कापून खालच्या कडक थरापर्यंत पोचतो आणि पकडतो; रुंद टायर वरच्या राडीवर तरंगत घसरतो. जिप्सी आणि जिमनीसारख्या हलक्या, अरुंद टायरच्या गाड्या सह्याद्रीत इतक्या सहज चढतात त्यात वजनाइतकाच या अरुंदपणाचा वाटा आहे. रुंद टायर खऱ्या अर्थानं उपयोगी पडतो तो जिथं खाली कडक तळच लागत नाही अशा जागी, म्हणजे खोल वाळूत.

टायरच्या अंगावर काय लिहिलंय

दुकानदार टायर पुढ्यात ठेवेल तेव्हा नक्षीकडे बघून झाल्यावर वाका, मोबाइलचा टॉर्च लावा आणि बाजूचा मजकूर वाचा. काळ्यावर काळं लिहिलेलं असतं, त्यामुळे उजेड तिरपा पाडल्याशिवाय दिसत नाही.

समजा, लिहिलंय 235/70 आर16, 106 टी. यात 235 ही रुंदी मिलिमीटरमध्ये. 70 म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या 70 टक्के, म्हणजे साधारण 164 मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, ही आतल्या धाग्यांच्या मांडणीची पद्धत, आणि 16 म्हणजे रिमचा व्यास इंचात. पुढचा 106 हा वजनाचा क्रमांक. तो थेट किलो नसतो. तक्त्यात 106 म्हणजे एका टायरला 950 किलो, 100 म्हणजे 800 किलो, 109 म्हणजे 1030 किलो. टी ही वेगाची मर्यादा, ताशी 190 किलोमीटर. एस असेल तर 180, क्यू असेल तर 160. बऱ्याच एमटी टायरांवर क्यू असतो आणि तो आपल्या रस्त्यांना पुरून उरतो, त्यामुळे वेगाच्या अक्षराचा फार बाऊ करायचं कारण नाही. वजनाच्या क्रमांकात मात्र तडजोड करू नका. कंपनीनं दिलेल्या टायरपेक्षा कमी क्रमांकाचा टायर स्वस्त मिळाला तरी परत ठेवा. मागे पोती आणि आत पाच माणसं घेऊन गगनबावड्याचा घाट चढताना तोच टायर तापतो.

काही टायरांवर मापाआधी एलटी ही अक्षरं असतात. हे हलक्या मालवाहू गाड्यांच्या पद्धतीनं बांधलेले टायर. कड जाड असते, दगडानं सहजासहजी फाटत नाही. जांभ्याच्या खाणीत, वीटभट्टीवर, खडीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला ते वरदान आहेत. पण तेवढंच वजन पेलायला त्यांना हवा जास्त लागते, आणि रिकामी गाडी त्यांच्यावर दणके देते. घरच्या वापराच्या गाडीला एलटी घेण्याआधी एकदा असे टायर बसवलेल्या कोणाच्या तरी गाडीतून कळंबा ते गारगोटी जाऊन या.

एम प्लस एस हा शिक्का दिसला की "हा मड टायरच आहे" असं सांगितलं जातं. तसं नाही. चिखल आणि बर्फ यांसाठी पुरेशी मोकळी नक्षी आहे, एवढं टायर बनवणाऱ्यानं स्वतःच जाहीर केल्याची ती खूण आहे. अनेक साध्या एचटी टायरांवरही ती असते. त्या अक्षरांसाठी जादा पैसे मोजू नका.

आता सगळ्यात कामाचे चार आकडे. डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, बहुतेक वेळा छोट्या लंबगोल चौकटीत, 3224 असं काहीतरी असतं. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे हा टायर 2024 च्या 32 व्या आठवड्यात, ऑगस्टमध्ये तयार झाला. अनेक टायरांवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात आणि बसवताना ती बाजू आत गेली की नंतर गाडीखाली झोपल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून रिमवर चढवण्याआधीच चारही टायरांचे आकडे वाचून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. सावलीत, नीट ठेवलेला वर्षभर जुना टायर वापरायला हरकत नाही, पण मग भावात सूट मागायचा तुमचा हक्क आहे. दोन-तीन वर्षं दुकानात पडून राहिलेला, कडेला बारीक भेगा दिसणारा टायर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. रबर न वापरताही कडक होत जातं. टायर बसवल्यापासून पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि तयार झाल्यापासून दहा वर्षं झालेला टायर, नक्षी शिल्लक असली तरी, काढून टाकावा. शेतावर कमी चालणाऱ्या जिप्सींना हे विशेष लागू आहे. त्यांचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात.

आणि आयएसआयचा शिक्का. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरांना 2009 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानं तो सक्तीचा आहे. आडवाटेनं आलेला "इंपोर्टेड माल" कोणी गळ्यात मारत असेल तर आधी हा शिक्का शोधा.

माप वाढवायचं का

गाडीला मोठे टायर लावायची हौस मी समजू शकतो. मागच्या ॲक्सलखालची उंची वाढवायचा तो एकमेव थेट मार्ग आहे, कारण गाडी कितीही उचलली तरी डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलवरच्या गिअरांचा, गोळा टायरच्या त्रिज्येनंच वर जातो. पण हिशोब करून बघा. 235/70 आर16 चा पूर्ण व्यास साधारण 735 मिलिमीटर. 245/75 आर16 चा 774. व्यासात 39 मिलिमीटरचा फरक, म्हणजे डिफरन्शियलखाली मिळाले जेमतेम 19-20. त्याच्या बदल्यात चाकाचा घेर पाच टक्क्यांनी वाढला. काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी आधीच्या मानानं 84 च्या आसपास धावते, प्रत्येक गिअर लांब होतो, म्हणजे त्यात ओढ कमी पडते, घाटात एक गिअर खाली घ्यावा लागतो, ब्रेकवर ताण येतो, आणि पूर्ण वळवल्यावर टायर आतून घासतोय का हे वेगळंच बघावं लागतं.

शिवाय मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं. अपघातानंतर विमा कंपनीनं बोट ठेवायला जागा राहू नये, शोरूमनं वॉरंटी नाकारू नये, यासाठी तुमच्या मॉडेलला कंपनीनंच दिलेल्या मापांत राहणं सगळ्यात निर्धोक.

त्या चौकटीतही वाव आहे. 2020 ची थार कंपनीतूनच दोन मापांत आली: 255/65 आर18 आणि 245/75 आर16. व्यासात फक्त पंधरा मिलिमीटरचा फरक. पण 16 इंची रिमवर टायरच्या कडेची उंची 184 मिलिमीटर मिळते, 18 इंचीवर 166. दगडधोंड्यांत ही जादा रबराची गादीच रिम वाचवते. 18 इंची चकचकीत रिम बघायला छान आहेत, पण ज्याला दाजीपूरकडच्या कच्च्या रस्त्यांवर नेहमी जायचं आहे त्यानं थार घेतानाच, किंवा टायर बदलताना, 16 इंचीचा विचार करावा.

जिमनीचं मूळ माप 195/80 आर15. बरेच मालक 215/75 आर15 वर जातात. व्यास दीड टक्क्यानं वाढतो, म्हणजे नगण्य. या मापाचं खरं मोल वेगळंच आहे: हे बोलेरोचं माप. बोलेरो आपल्याकडे गावोगाव असल्यामुळे हा टायर तालुक्याच्या दुकानातही सापडतो आणि खूप विकला जात असल्यानं भावही आवाक्यात राहतो. बदलण्याआधी कायद्याची वरची गोष्ट ध्यानात ठेवून शोरूममध्ये विचारून घ्या, एवढंच.

चारही सारखे, आणि स्टेपनीसुद्धा

"मागचे दोन आत्ता टाकू, पुढचे दिवाळीनंतर बघू." पैशाची ओढाताण असली की हा विचार येतोच. टू-व्हील ड्राइव्ह गाडीत तो चालून जातो. फोर-बाय-फोरमध्ये तो महाग पडतो.

थार, जिमनी, जिप्सी या गाड्यांत फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा नेहमीच्या वेगाचा गिअर, लावलं की पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद नेणारे शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. दोन्ही एकाच गतीनं फिरणार. पुढचे टायर झिजलेले, म्हणजे घेर लहान, आणि मागचे नवे, घेर मोठा, असं असेल तर एकाच अंतरात पुढच्या चाकांना जास्त फेरे घ्यावे लागतात. शाफ्ट ते घेऊ देत नाही. मग ताण ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत, साठत जातो. चिखलात चाकं थोडी घसरून तो ताण सुटतो, पण कडक जमिनीवर सुटत नाही. स्टीअरिंग जड होतं, फोर-व्हीलमधून टू-व्हीलमध्ये काढताना लिव्हर अडकतो, आणि असंच चालू ठेवलं तर गिअर आणि साखळीचं काम निघतं. त्या दुरुस्तीपुढे दोन टायरांची बचत काहीच नाही. म्हणून एकच कंपनी, एकच नक्षी, एकच माप, चारही एकदम. स्टेपनीचं मापही तपासून घ्या, आणि पूर्ण मापाची असेल तर पाचही टायर दर आठ-दहा हजार किलोमीटरला आलटून-पालटून लावा. एटी आणि एमटीचे मोठे ठोकळे एकाच जागी राहिले की एका बाजूनं झिजतात आणि आवाज वाढत जातो.

आता भावाचं

टायरचा भाव बिलावर कळत नाही, किलोमीटरवर कळतो. समजा एक एचटी टायर 8,000 रुपयांना आला आणि 60,000 किलोमीटर चालला, तर चार टायरांचा खर्च किलोमीटरला 53 पैसे. समजा एमटी 13,000 ला आला आणि 35,000 चालला, तर तोच खर्च जवळपास दीड रुपया. आकडे फक्त हिशोब दाखवायला घेतलेत. तुमच्या मापाचा भाव दुकानात विचारून तिथं टाका. पण वर्षाला 12,000 किलोमीटर चालणाऱ्या गाडीला या उदाहरणात फरक साडेअकरा हजारांच्या आसपास पडतो, आणि त्यात वाढलेलं इंधन धरलेलं नाही.

नव्या टायरांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. कराआधी 10,000 चा टायर आधी 12,800 ला पडायचा, आता 11,800 ला. जुना भाव सांगून त्यावर "खास सूट" देणाऱ्याला पक्कं बिल मागा. करासकट आकडा समोर येतो. बिलावर टायरचे क्रमांकही लिहून घ्या, कारण कारखान्यातला दोष निघाला तर वॉरंटी त्याच्यावरच मिळते. दगडानं कापलेली कड सहसा त्या वॉरंटीत बसत नाही.

कंपन्यांबाबत माझा कल भारतात बनलेल्या टायरांकडे आहे. एमआरएफची वाँडरर, सिएटची झार, अपोलोची अप्टेरा, जेकेची रेंजर या मालिकांमध्ये एचटीपासून एटीपर्यंत बरीच मापं आहेत. वॉरंटीसाठी विक्रेता जवळ सापडतो आणि प्रवासात एक टायर फाटला तर त्याच नक्षीचा दुसरा मिळायची शक्यता जास्त. परदेशी नाव म्हणजे आयात केलेलाच असंही समजू नका. ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला आहे, योकोहामाही भारतात टायर बनवते. खरोखर आयात होणाऱ्या टायरांवर जून 2020 मध्ये केंद्र सरकारनं निर्बंध घातले आणि परवाना लागू झाला, त्यामुळे त्यांची आवक घटली आणि भाव चढले. असा टायर घ्यायचाच असेल तर वर सांगितलेले चार आकडे दुप्पट काळजीनं वाचा.

खरी स्वस्ताई आणखी एका ठिकाणी आहे. नवी थार घेतलेले हौशी मालक पहिल्या काही दिवसांतच कंपनीचे टायर उतरवून मोठे बसवतात. ते उतरवलेले टायर जवळजवळ नवे असतात आणि निम्म्याच्या आसपास भावात मिळू शकतात. कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या टायर दुकानांत सांगून ठेवलं की असा संच कानावर येतो. घेताना चारही टायरांची तारीख जुळते का बघा. आतल्या बाजूनं हात फिरवा. पॅच, सुरकुती किंवा उंचवटा लागला तर तो टायर हवा गेलेली असताना चालवलेला असू शकतो. कडेला फुगा असेल तर आतले धागे तुटलेत, तो फुकटही नको. नक्षीच्या खाचेत तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. ते 1.6 मिलिमीटरची मर्यादा दाखवतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण ऑफ-रोडला त्याच्या खूप आधीच उपयोग संपतो, चार-पाच मिलिमीटर उरले की चिखलातली पकड जाणवण्याइतकी घटते.

रबर चढवलेले, म्हणजे रिमोल्ड टायर, शेताच्या आत-बाहेर हळू चालणाऱ्या गाडीपुरते ठीक. कुटुंबाला घेऊन महामार्गावर शंभरनं जाणाऱ्या गाडीला ते लावू नयेत. इथं बचतीचा विचार नको.

हवा: सगळ्यात स्वस्त सुधारणा

टायर कोणतेही असोत, चिखलात किंवा दगडांवर शिरण्याआधी हवा कमी करा. हे न करता हजारो रुपयांचे एमटी घेणारे बघितले की वाईट वाटतं, कारण साध्या एटीची हवा उतरवून बऱ्याच ठिकाणी त्यांच्या बरोबरीनं जाता येतं.

रस्त्यावर बऱ्याच गाड्यांत 32-35 पीएसआय हवा असते. ती 20 वर आणली की टायर खाली पसरतो. रुंदीत थोडा, लांबीत बराच. जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं, म्हणून रुतणं कमी होतं. शिवाय मऊ झालेला टायर दगडावर आपटून उडत नाही, त्याला वेढून घेतो. पकडही वाढते आणि टोकदार दगड घुसायची भीतीही कमी होते. आपल्याकडच्या मुरमाड, दगडी चढाला 22-24 पुरतात, ओल्या मातीला 18-20. ट्यूबलेस टायर 15 च्या खाली नेला आणि जोरात वळवला तर रिमवरून निसटू शकतो, तेव्हा सवय नसलेल्यानं तिकडे जाऊ नये. कमी हवेवर कड जास्त फुगते आणि बाहेर येते, म्हणून दगडांच्या फटीतून जाताना बाजूकडे लक्ष हवं.

यासाठी दोन वस्तू लागतात: हवा मोजायचा चांगला गेज आणि गाडीच्या 12 व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर. दोन्ही मिळून एका टायरपेक्षा स्वस्त. कॉम्प्रेसरशिवाय हवा काढूच नका, कारण 20 पीएसआयवर डांबरी रस्त्यानं वेगात निघालात तर टायर आतून तापतो आणि फुटू शकतो. डांबर लागलं की बाजूला थांबून चारही टायर पुन्हा भरायचे, मगच पुढे. पंक्चरचं किट आणि ते वापरायचा सराव हवा. बाभळीचा काटा किंवा तोडलेल्या फडातला उसाचा बुडखा कोणत्याही नक्षीला जुमानत नाही.

आणि काही ठिकाणी कोणत्याच टायरनं जाऊ नये. पावसाळ्यात मसाई पठारासारख्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो आणि त्यात रानफुलं, गवत, कीटक असा सगळा संसार असतो. एमटीच्या ठोकळ्यांनी तो एका फेरीत उखडतो. राधानगरी अभयारण्यात वनखात्यानं मोकळ्या ठेवलेल्या रस्त्यावरूनच गाडी न्यायची. आणि ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तसा पूर आला तर घरी थांबा. वाहत्या पाण्यात गाडी हलकी होते, टायर तळापासून सुटतात आणि नक्षीचा काडीचाही उपयोग राहत नाही.

टायर बसवून घेताना दुकानातच थांबा. नवे व्हॉल्व्ह टाकायला सांगा, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एकाच खेपेला करून घ्या, हवा गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या. मशीनच्या गननं नट आवळले असले तरी पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर चारही चाकांचे नट हातपान्यानं एकदा तपासून घ्या.